नगरी कातळाची ‘पोल’खोल!

अंगणातला एखादा काळा दगड उचला. जड लागला ना? लागणारच, कारण त्याच्या पोटात लोहखनिज आहे. आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उत्तर कुठे होती, दक्षिण कुठे होती, हे त्या दगडाला अजून तोंडपाठ आहे!

माहीत आहे का? अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. एकूण १७,०४८ चौरस किलोमीटर! आणि इतक्या मोठ्या जिल्ह्याचा जवळजवळ सगळा पाया एकाच प्रकारच्या खडकाचा, म्हणजे बेसॉल्टचा. काळा पाषाण म्हणा, कातळ म्हणा, मांजऱ्या म्हणा, मूळ एकच: थंड झालेला लाव्हा.

हा लाव्हा भेगांतून वर आला तेव्हा त्याचं तापमान साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस. एवढ्या उष्णतेत चुंबकत्व टिकत नाही. पण निवता निवता पारा ५८० अंशांच्या खाली उतरला, की खडकातले मॅग्नेटाइटचे बारीक कण त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडतात आणि घट्ट धरून बसतात. पुढे डायनासोर गेले, हत्ती आले, निजामशाही आली, एसटी आली. कणांनी दिशा सोडली नाही.

आता खरा धक्का. या दगडांमधली ‘उत्तर’ चक्क उलटी आहे!

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून पलटी मारतं. उत्तर ध्रुवाच्या जागी दक्षिण, दक्षिणेच्या जागी उत्तर. शेवटचा मोठा पलटा साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीतला बहुतांश लाव्हा बाहेर पडला तो अशाच एका ‘उलट्या’ काळात. भूवैज्ञानिक त्या काळाला २९-आर म्हणतात. आर म्हणजे रिव्हर्स. म्हणजे त्या वेळी कळसूबाईच्या जागी कुणी कंपास धरला असता, तर सुई दक्षिणेला वळली असती.

कळसूबाई म्हटल्यावर थांबायलाच हवं. अकोले तालुक्यातलं हे १,६४६ मीटरचं शिखर राज्यात सर्वांत उंच, हे शाळेतलं पोर सांगेल. पण जगभरचे भूवैज्ञानिक लाव्ह्याच्या एका अख्ख्या गटाला ‘कळसूबाई उपगट’ म्हणून ओळखतात, हे माहीत आहे का? पश्चिम घाटातल्या लाव्ह्याचे तीन गट पाडले आहेत: कळसूबाई, लोणावळा आणि वाई. त्यात सगळ्यांत खालचा, म्हणजे वयाने सगळ्यांत थोरला गट आपल्या कळसूबाईचा. शिखर सर्वांत वर, गट सर्वांत खाली. आहे की नाही उलटफेर?

आणि हा दगड फक्त ‘उलट’ नाही, परदेशातून आलेलाही आहे. त्यातली गोठलेली सुई आग्नेयेकडे वळून जमिनीत बरीच खोल झुकलेली असते. किती झुकली यावरून अक्षांश काढता येतो. उत्तर निघतं सुमारे ३० अंश दक्षिण! म्हणजे आजचं नगर तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे होतं. तिथून भारत वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेला धावत सुटला आणि धावता धावता थोडा डावीकडे वळलाही. भूखंडाच्या हिशेबात हा सुपरफास्ट वेग आहे.

हे कळलं कसं? त्यात सोन्याची एक भारी गोष्ट आहे. पॅट्रिक ब्लॅकेट हे १९४८ चे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ. कोणतीही फिरणारी जड वस्तू केवळ फिरण्यामुळे चुंबक बनते, अशी त्यांची एक कल्पना होती. ती तपासायला त्यांनी सुमारे १५ किलो शुद्ध सोन्याचा दंडगोलाकार ठोकळा उसना आणला आणि अतिशय संवेदनशील मॅग्नेटोमीटर बांधला. कल्पना साफ चुकली. सोनं परत गेलं. मॅग्नेटोमीटर मात्र उरला, आणि तोच जुन्या खडकांचं क्षीण चुंबकत्व मोजायला कामी आला! १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांवरचा अभ्यास छापला. भारत दक्षिणेकडून वर सरकत आला, याचा हा ठोस पुरावा होता, तोही खंड सरकतात हे म्हणणं अनेकांना पटत नव्हतं त्या काळातला. पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी हेच काम पुढे नेलं. आपले दगड, आपले शास्त्रज्ञ!

बरं, हे झालं हातातल्या दगडाचं. जमिनीच्या आत दडलेल्याचं काय? तिथे एन्ट्री होते मॅग्नेटिक सर्व्हेची.

आयडिया साधी आहे. जमिनीवरून ठरावीक अंतराने चालत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजायची. खाली सगळीकडे सारखाच खडक असेल तर ग्राफ शांत. मध्येच वेगळं चुंबकत्व असलेलं काही आलं, की ग्राफला उचकी लागते. ही उचकी म्हणजे ‘अॅनॉमली’. तिच्या आकारावरून खाली काय आहे, किती रुंद आहे, किती खोल आहे, याचा अंदाज बांधायचा. अरुंद, टोकदार उचकी असेल तर वस्तू वरच्यावर. पसरट, आळसावलेली असेल तर खोलवर.

मोजायचं एकक नॅनोटेस्ला. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४३,००० नॅनोटेस्ला. आकडा दणदणीत वाटतो, पण तुमच्या फ्रिजवर चिकटलेलं मॅग्नेट याच्या शंभरपट तरी ताकदीचं असतं!

आणि मोजणारं यंत्र? प्रोटॉन मॅग्नेटोमीटर. माहीत आहे का, याच्या बाटलीत रॉकेलसारखा हायड्रोजनने ठासून भरलेला द्रव असतो? त्या हायड्रोजनचे प्रोटॉन आधी विजेच्या झटक्याने एका बाजूला वळवायचे, मग सोडून द्यायचे. सुटल्यावर ते पृथ्वीच्या क्षेत्रात भोवऱ्यासारखे डुलतात. डुलण्याचा वेग मोजला की क्षेत्राची ताकद कळली. आपल्याकडे हा वेग सेकंदाला सुमारे १,८३० वेळा, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येईल अशा पट्टीतला. पृथ्वीचं चुंबकत्व सुरात वाजतं!

सर्व्हे करणाऱ्याचा ड्रेस कोड मात्र कडक. पट्ट्याचं बक्कल नको, किल्ल्या नकोत, मोबाइल नको, बुटात खिळे नकोत. पत्र्याचं शेड, तारेचं कुंपण, विजेच्या तारा, उभा ट्रॅक्टर यांच्यापासून लांब. बोअरचा लोखंडी केसिंग पाइप जवळ असेल तर ग्राफ असा उसळतो की खालचा खडक बिचारा दिसतच नाही. पण हाच दोष काही देशांत गुण ठरला आहे. जुन्या, बुजलेल्या, नकाशावर नसलेल्या विहिरींचे लोखंडी पाइप शोधायला तिथे हेच तंत्र वापरतात.

आता नगरकरांनी कान टवकारावेत. कारण पुढचा विषय आहे डाइक.

डाइक म्हणजे जमिनीत उभी असलेली दगडी भिंत. लाव्हा ज्या भेगेतून वर आला, ती भेगच शेवटी त्याच लाव्ह्याने भरून घट्ट झाली. आजूबाजूचे थर आडवे, ही भिंत उभी. संगमनेर तालुका आणि परिसर अशा डाइक्ससाठी भूविज्ञानात प्रसिद्ध आहे. निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट आणि हेतू शेठ यांनी २००६ मध्ये ‘जर्नल ऑफ जिऑलॉजी’त या ‘संगमनेर डाइक स्वॉर्म’चा सविस्तर अभ्यास मांडला. डाइकच्या दगडाचं रसायन आणि सह्याद्रीतल्या थरांचं रसायन जुळवून पाहायचं, म्हणजे कोणत्या भेगेने कोणत्या थराला लाव्हा पुरवला असेल याचा माग लागतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पाइपलाइनचा नकाशाच म्हणा ना!

रेकॉर्ड हवंय? शेजारच्या खानदेशात चला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात साक्री-धुळे-पारोळा असा जाणारा एक डाइक तब्बल ७९ किलोमीटर लांब आहे. आणखी मोठं रेकॉर्ड? दख्खनचा काही लाव्हा वाहत वाहत थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे सुमारे १,००० किलोमीटर गेला, असं संशोधक म्हणतात. पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांच्या स्पर्धेत त्याचं नाव आहे. इथला आणि तिथला लाव्हा एकच हे ओळखताना खडकांमधली गोठलेली चुंबकीय दिशाही साक्षीला आली.

पण परत संगमनेरला येऊ, कारण डाइकची सर्वांत मोठी बातमी पाण्याची आहे.

काही डाइक झिजेला पुरून उरतात आणि लांबच लांब, सरळ टेकाडांच्या रूपात उघडे दिसतात. पण कित्येक मुरूम आणि काळ्या मातीखाली पूर्ण गडप असतात. वर ऊस उभा, कांदा उभा, खाली भिंत उभी. भूजल उताराने वाहत येतं आणि या भिंतीपाशी अडतं. भिंतीच्या वरच्या अंगाला विहिरीला पाणी टिकतं, खालच्या अंगाला तीच मेहनत, तोच खर्च, आणि बोअर फेल! दोन बांधांवरच्या दोन शेतकऱ्यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं, तेव्हा अनेकदा कारण जमिनीतच असतं.

थांबा, ट्विस्ट आहे. सगळेच डाइक पाणी अडवत नाहीत. काहींच्या कडा थंड होताना तडकलेल्या असतात. त्या भेगांमधून पाणी डाइकच्या लांबीने झरझर वाहतं. म्हणजे एक डाइक बंधारा, दुसरा डाइक पाट. कुठला कुठला, हे एकट्या मॅग्नेटोमीटरला सांगता येत नाही. म्हणून जाणकार भूवैज्ञानिक सोबत विद्युत रोध मापनही करतात: जमिनीत वीज सोडून खडकातली ओल आणि भेगा ताडायच्या. एक यंत्र भिंत दाखवतं, दुसरं ओल. दोघांची जोडी जमली की खरा नकाशा.

हे ठळक सांगितलंच पाहिजे: मॅग्नेटोमीटरला पाणी दिसत नाही. कुणी ‘मशिन लावून पाण्याची धार दाखवतो’ म्हणालं तर दोन प्रश्न जास्त विचारा. यंत्र चुंबकत्वातला फरक मोजतं, बस्स. त्या फरकातून पाण्याची वाट ओळखणं हे अभ्यास केलेल्या डोक्याचं काम.

माहीत आहे का, भारतात या सर्व्हेला एक खास अडचण आहे? आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत. ते देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. म्हणून तर १९६३ मध्ये रॉकेट उडवायला केरळचं थुंबा निवडलं गेलं. आपल्याकडे चुंबकीय रेषा जमिनीत फारशा घुसत नाहीत, आडव्या आडव्या जातात. परिणाम असा की पूर्व-पश्चिम डाइक ग्राफवर ठसठशीत उमटतो, तर नेमका उत्तर-दक्षिण डाइक पुसट होऊन जातो. त्यात भर आपल्या बेसॉल्टच्या उलट्या चुंबकत्वाची. आजचं क्षेत्र एका दिशेला ओढतं, जुनी स्मृती दुसऱ्या दिशेला. त्यामुळे डाइकवर ग्राफ चढेल की घसरेल, हे आधी सांगणं सोपं नाही. परदेशी पुस्तकातलं चित्र घेऊन नगरच्या शेतात उतरलात तर दिशाभूल नक्की!

अजून एक खोडकर पाहुणा: सूर्य. पृथ्वीचं क्षेत्र दिवसभरात काही डझन नॅनोटेस्लांनी वरखाली होतं. म्हणून एक यंत्र दिवसभर एकाच जागी ठेवतात, ते फक्त या चढउताराची नोंद घेतं. संध्याकाळी ती नोंद मुख्य मोजणीतून वजा करायची. आणि सूर्यावर वादळ उठलं असेल तर? सरळ सुट्टी. १८५९ च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या यंत्रावर क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेलं नोंदलं गेलं. जगभरचे संशोधक आजही ती नोंद अभ्यासतात.

कुलाब्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. तिथे १८४१ पासून चुंबकीय मोजणी चालायची. मग मुंबईत विजेची ट्राम येणार अशी खबर आली. विजेच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार! वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत हे काम १९०४ मध्ये थेट अलिबागला हलवलं. तिथल्या इमारतीत लोखंड वापरलेलंच नाही. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. तोवर चुंबकाने समुद्र ओलांडून संसार मांडला होता. आज हे काम नवी मुंबईजवळ पनवेलला मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था बघते.

आता नगरी अभिमानाचा प्रश्न. दायमाबादचे ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यात सापडले. एकूण वजन ६० किलोंच्या वर. त्यावरून मॅग्नेटोमीटर फिरवला असता तर केवढा आवाज झाला असता? शून्य! ब्राँझ चुंबकीय नाही. विजापूरच्या बुरुजावरची ५५ टनांची मलिक-ए-मैदान तोफ? ती १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली, पण तीही ब्राँझसारख्याच मिश्रधातूची. ती जमिनीत पुरली असती तर यंत्राने तिलाही ओळख दिली नसती.

उलट मातीची भट्टी मात्र यंत्राला लगेच सापडते. भाजलेल्या मातीतले लोहकण निवताना त्या काळची चुंबकीय दिशा पकडतात, अगदी लाव्ह्यासारखेच. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाने एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव दिलं. तिथली तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर टणटण वाजतात. एकाच तालुक्यात लाव्ह्याचं चुंबकत्व आणि कुंभाराच्या भट्टीचं चुंबकत्व! असं भाग्य किती तालुक्यांचं?

ट्रेकर मंडळी, तुमच्यासाठीही एक टिप. उघड्या बेसॉल्ट कड्यावर वीज पडली की तेवढा दगड जबर चुंबकीय होतो. कंपास त्याच्यावर टेकवला तर सुई वेडीवाकडी फिरू शकते. शिखरावर दिशा घेताना कंपास हातात, दगडापासून दूर धरा.

आणि आता सिनेमाला लाजवेल असा योगायोग. १९७८ मध्ये मेक्सिकोत ग्लेन पेनफिल्ड तेल कंपनीसाठी विमानातून केलेल्या मॅग्नेटिक सर्व्हेचे आकडे चाळत होते. समुद्राखाली त्यांना अर्धवर्तुळ दिसलं. जमिनीवरच्या जुन्या गुरुत्वाकर्षण नकाशात उरलेलं अर्धं वर्तुळ मिळालं. जोडलं, आणि हाती लागलं चिक्शुलूब विवर, सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं! डायनासोरांचा शेवट करणाऱ्या अशनीची ही खूण. तिचं वय? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. म्हणजे तिकडे अशनी कोसळला तेव्हा इकडे आपला लाव्हा वाहत होता. डायनासोर नेमके कुणामुळे गेले, अशनीमुळे की दख्खनमुळे, की दोघांमुळे, यावर वाद अजून गरमागरम आहे. खटल्यातल्या दोन्ही संशयितांच्या फायलीत चुंबकीय पुरावे आहेत!

समुद्राचीही एक कथा घ्या. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रिज या पाण्याखालच्या डोंगररांगेवर चुंबकीय मोजणी केली. तळाशी सुलट-उलट, सुलट-उलट असे चुंबकीय पट्टे! १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्याचा अर्थ लावला: समुद्रतळ मधून फाटतो, नवा बनतो, दोन्हीकडे सरकतो. खंड सरकतात हे जगाला पटवणारा पुरावा आपल्या शेजारच्या समुद्रात मिळाला.

इतकं सगळं आपल्या पायाखाली असताना आपण बोअर मात्र अंदाजानेच मारत सुटलो आहोत, ही गोष्ट खटकते. ज्या जिल्ह्याने हिवरे बाजारसारखं पाण्याचा ताळेबंद मांडणारं गाव दिलं, चौंडीत जन्मलेल्या आणि देशभर विहिरी-बारवा बांधणाऱ्या अहिल्यादेवींचं नाव लावलं, त्या जिल्ह्यात प्रत्येक गावाकडे आपल्या डाइक्सचा नकाशा असायला हवा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा म्हणून.

तर मंडळी, पुढचा बोअर घेण्याआधी एवढं करा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा किंवा शिकलेला भूवैज्ञानिक गाठा. विचारा: शिवारात डाइक आहे का? कोणत्या दिशेने जातो? मोजणीची रेघ त्याला आडवी काढणार का? विद्युत रोधाचीही तपासणी करणार का? आणि ग्राफची प्रत मागून घ्या. तो तुमच्या जमिनीचा कागद आहे, जपून ठेवा आणि शेजाऱ्यालाही दाखवा, कारण डाइक बांध बघून थांबत नाही.